ताईंची ताई घडायला हवी

(बालवाडी, शिशुवर्ग व पाळणाघर चालविणाऱ्या संचालिकांच्या मेळाव्यातील भाषण)



गावात नवी बँक उघडली की तिचा व्यवस्थापक कोण, याची चौकशी होते. रुग्णालय निघाले की डॉक्टर कोठे शिकला, हे लोक विचारतात. परंतु ज्या दोन खोल्यांत घरातील तीन वर्षांचे मूल रोज तीन-चार तास, आणि पाळणाघर असेल तर आठ-नऊ तास राहणार असते, तेथील प्रमुख कोण, तिने काय शिकले आहे, तिच्या हाताखालच्या ताईंना ती कशी सांभाळते, याची विचारपूस फारशी होत नाही. फी किती, रिक्षा येते का आणि इंग्रजी शिकवितात का, या तीन प्रश्नांवर प्रवेशाचे काम उरकते. समाजाची ही उदासीनता संचालिकेच्याही अंगवळणी पडली आहे. आपले काम म्हणजे फीची वसुली, जागेचे भाडे, पाण्याची टाकी, रिक्षावाल्याची तक्रार आणि गैरहजर ताईच्या जागी स्वतः उभे राहणे, असे तीही मानू लागली आहे.

वस्तुतः बालवाडीचा दर्जा तिच्या प्रमुखाच्या समजुतीपेक्षा वर कधीच चढत नाही. खेळणी उत्तम असली, भिंती रंगविलेल्या असल्या, तरी चिडलेल्या ताईला शांत करणारी, नवख्या ताईला हात धरून शिकविणारी आणि घाईवर आलेल्या पालकाला ठामपणे थांबविणारी व्यक्ती तेथे नसेल, तर ती केवळ मुले ठेवण्याची जागा ठरते. मुलांच्या ताईंनाही एक ताई लागते. ती आपोआप जन्मत नाही. तिला घडवावे लागते.

ती प्रमुख कशी होते?

आपल्याकडे बालवाडीची प्रमुख साधारणतः दोन वाटांनी होते. एक तर कोणी गृहिणी आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत पाच-सात मुले घेऊन आरंभ करते, मुले वाढतात, मदतीला दोन भगिनी येतात आणि ती नकळत संचालिका होते. नाही तर संस्थेच्या बालवाडीत सर्वांत जुनी ताई असते, मुख्य निवृत्त होतात आणि विश्वस्त तिच्याकडे किल्ल्या सोपवितात. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. तथापि दोन्हींत एक उणीव सारखीच आहे. मुलांना सांभाळण्याचे कौशल्य तिच्याजवळ असते. मोठ्या माणसांकडून काम करून घेण्याचे, त्यांना वाढविण्याचे, हिशेब, कायदा आणि पालक या तिन्ही आघाड्या एकाच वेळी सांभाळण्याचे शिक्षण मात्र तिला कोणी दिलेले नसते. उत्तम कीर्तनकार उत्तम मठाधिपती होईलच असे नाही. तसेच उत्तम ताई उत्तम संचालिका होईलच, हे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्राची परंपरा काय सांगते?

या विषयासाठी परक्या उदाहरणांकडे धाव घेण्यापूर्वी घरची परंपरा पाहणे उचित ठरेल. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. १९०७ मध्ये रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी ज्या पद्धतीचा पाया घातला, ती त्यांनी अभ्यासली, पण डोळे झाकून उचलली नाही. येथील गोष्टी, गाणी आणि खेळ तिच्यात आणून त्यांनी तिला देशी रूप दिले.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करण्यासाठी भावनगरला गेल्या. ताराबाई तेव्हा नवशिक्या नव्हत्या. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले होते. प्रतिष्ठेचे पद भूषविलेली ही विदुषी तीन वर्षांच्या मुलांच्या खोलीत पुन्हा पहिल्या इयत्तेपासून शिकायला बसली. पुढे १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. या मंडळींनी केवळ बालमंदिरे काढली नाहीत. बालमंदिरे चालविणारी माणसे तयार करणारी अध्यापन मंदिरे काढली आणि शिक्षक-पालकांसाठी 'शिक्षणपत्रिका' चालविली. कार्य टिकवायचे तर कार्यकर्ता घडवावा लागतो, हे सूत्र त्यांनी प्रारंभीच ओळखले होते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांचे वय तेव्हा ५३ होते. शहरातील नीटनेटक्या शिशुविहाराची घडी तेथे चालेना. वाडी-पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. अशा वेळी पालकांना अज्ञानी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. यातूनच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणणारी विकासवाडी निघाली. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने ही साधने झाली. नेतृत्व म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ होय. योजना फसली तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, त्यांनी योजना बदलली.

या कामात पहिल्यापासून त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. १९१० मध्ये मोरगावी जन्मलेल्या अनुताईंना बालवयातच वैधव्य आले. नोकरी करीत, रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. ३५ व्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथील धकाधकीत राहूनच १९६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या तेव्हा संस्थेची धुरा अनुताईंकडे आली आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी ती पेलली.

या दोन तारखांमधील अंतर पाहण्यासारखे आहे. १९४५ ते १९७३, म्हणजे २८ वर्षे या दोघी खांद्याला खांदा लावून काम करीत होत्या. संस्थेची किल्ली एका सकाळी हाती आली नाही. ती हळूहळू, रोजच्या कामातून, सोपविली गेली. आज किती बालवाड्यांत संचालिकेच्या मागे अशी दुसरी व्यक्ती उभी आहे? संचालिका आजारी पडली, तिच्या यजमानांची बदली झाली किंवा तिचे वय झाले की २०-२५ वर्षे चाललेली बालवाडी एका उन्हाळ्यात बंद पडते. पैसे संपले म्हणून बंद पडणाऱ्या बालवाड्या असतीलच, पण माणूस संपला म्हणून बंद पडणाऱ्यांचे काय?

भेट की तपासणी?

शासकीय पातळीवर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. जगात एवढा मोठा बालसंगोपनाचा व्याप क्वचितच असेल. या रचनेत अंगणवाडी सेविकांची 'ताई' म्हणजे पर्यवेक्षिका. साधारण २५ अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असावी, असा निकष आहे. महिन्यातील कामाचे दिवस, बैठका, प्रवास आणि अहवाल यांचा हिशेब मांडला, तर एका अंगणवाडीच्या वाट्याला तिचे किती तास येतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल. त्या तासांतही नोंदवह्या, वजनाचे आकडे, आहाराचा साठा आणि भ्रमणध्वनीवरील माहिती यांचीच पडताळणी होत राहते. सेविका मुलांशी बोलते कशी, गोष्ट सांगते का, रडणाऱ्या मुलाजवळ बसते का, हे पाहण्यास उसंत उरत नाही. भेटीची तपासणी झाली की मार्गदर्शन संपते. मग सेविका पर्यवेक्षिकेची वाट पाहत नाही, धास्ती घेते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. मेंदूच्या वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, हे त्यात आवर्जून नोंदविले आहे. बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविली आहे. शिक्षकांनी, तसेच मुख्याध्यापकांनीही, दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत आणि प्रमुखांच्या या तासांत नेतृत्व व व्यवस्थापन यांचा समावेश असावा, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रमही सुरू झाला. दिशा योग्य आहे. परंतु गल्लीतल्या बालवाडीची किंवा पाळणाघराची संचालिका यांपैकी कोणत्याच यादीत नीट बसत नाही. तिच्यासाठी ५० तासांची सोय दुसरे कोणी करील, या भरवशावर राहता येणार नाही.

काय शिकायचे?

पहिली गोष्ट, पाहायला शिकणे. आठवड्यातून एकदा संचालिकेने अर्धा तास एका वर्गात शांत बसावे, हातात वही घ्यावी आणि जे दिसले तेवढेच लिहावे. 'ताई रागीट आहेत' असे न लिहिता 'पाणी सांडल्यावर ताईंनी मुलाला कोपऱ्यात बसविले, त्यानंतर त्याने खेळात भाग घेतला नाही' असे लिहावे. दुपारी मुले गेल्यावर दहा मिनिटे त्या नोंदीवर बोलावे. निवाडा ऐकला की माणूस बचाव करू लागतो. घडलेली गोष्ट समोर ठेवली की तो विचार करू लागतो. 'त्याच्याच हातात फडके दिले असते तर?' एवढा एक प्रश्न दहा सूचनांचे काम करतो. आणि वर्षातून काही वेळा संचालिकेने स्वतः वर्ग घ्यावा व ताईंनी वही घेऊन बसावे. मग त्या वहीची भीती राहत नाही.

दुसरी गोष्ट, बैठक. पुष्कळ ठिकाणी बैठक म्हणजे संचालिकेने सूचना वाचायच्या आणि ताईंनी माना डोलवायच्या. दर शनिवारी पाऊण तासाची बैठक घ्यावी. तिच्यात एकच मूल चर्चेला घ्यावे. ते चावते का, बोलत नाही का, डबा परत नेते का? प्रत्येकीने आपण काय पाहिले ते सांगावे. वर्षात ४० मुलांचा असा अभ्यास झाला, तर कोणत्याही पुस्तकाने मिळणार नाही असे शिक्षण त्या ताईंना मिळेल.

तिसरी गोष्ट, पालकांना सामोरे जाणे. 'शेजारच्या शाळेत मुले लिहू लागली, आमचा अजून मातीत खेळतो' हे वाक्य प्रत्येक संचालिकेने ऐकले आहे. फी बुडेल या भीतीने ती मान तुकविते आणि तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल येते. मणी ओवणे, कणीक मळणे, कागद फाडणे आणि वाळूत रेघा ओढणे हीच लेखनाची पूर्वतयारी आहे, हे तिला पालकांना पटवून देता आले पाहिजे. त्यासाठी स्वतःला ते शास्त्र कळले पाहिजे. ज्ञानाशिवाय ठामपणा हट्ट ठरतो.

चौथी गोष्ट, सुरक्षितता आणि कायदा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती अथवा शंका असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडविला, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेने महाराष्ट्र हादरला. शिशुवर्गातील मुली त्यात बळी पडल्या होत्या. तक्रार नोंदविण्यात झालेल्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाने कठोर शब्दांत बोट ठेवले. अशा वेळी संस्थेचे नाव वाचवायचे की मूल वाचवायचे, हा प्रश्न काही तासांत उभा राहतो. त्याचे उत्तर त्या दिवशी शोधायचे नसते, ते आधीच ठरलेले असावे लागते. मुलांना शौचालयात कोण नेईल, बाहेरचा माणूस आत कसा येईल, मूल कोणाच्या हाती दिले जाईल, तक्रार आली तर पहिला दूरध्वनी कोणाला होईल, हे लेखी असावे आणि प्रत्येक ताईला पाठ असावे.

पाचवी गोष्ट, पैसा आणि माणसे. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाच्या निकषांनुसार तीन ते सहा वयोगटात २० मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील १० बाळांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी. हे प्रमाण मोडून एका ताईकडे ४० मुले दिली की वेतनाचा खर्च निम्मा होतो, हे खरे. पण मग ताईचा सारा वेळ 'गप्प बसा' म्हणण्यातच जातो. ती थकते आणि मेमध्ये सोडून जाते. जूनमध्ये नवी येते. लहान मूल प्रथम माणसाशी जडते, शिक्षणाशी नंतर. दरवर्षी ओळखीची मांडी हरविणाऱ्या मुलाचे नुकसान कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. चांगली ताई टिकविणे हे संचालिकेचे पहिले आर्थिक शहाणपण होय.

'सेवाभाव असताना प्रशिक्षण कशाला?'

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. आईला कोणी प्रशिक्षण देते का, असेही विचारले जाते. आईच्या वाट्याला एक-दोन मुले असतात. संचालिकेच्या वाट्याला ५० मुले, शंभर पालक आणि पाच सहकारी असतात. शिवाय आईलाही आजी, मावशी आणि शेजारीण शिकवीतच होत्या. सेवाभाव हा या कामाचा प्राण आहे, यात शंका नाही. परंतु अनुताईंपेक्षा अधिक सेवाभाव कोणाजवळ असणार? त्यांना ५१ व्या वर्षी पदवीची परीक्षा द्यावीशी वाटली. सेवेने त्यांची अभ्यासाची भूक वाढविली.

सेवेच्या नावाखाली कमी वेतन देऊन वर प्रशिक्षणाचा खर्चही ताईच्याच माथी मारणे, हे तर सेवेचे अवमूल्यनच होय. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान मिळण्यास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. 'मानधन' या शब्दामागे दडलेले श्रम त्या निर्णयाने उजेडात आणले. विश्वस्त मंडळांनी यावरून बोध घ्यावा.

प्रमुखाच्या शिक्षणाचा मुलांशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी एक दाखला पुरेसा आहे. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा पूर्वप्राथमिक वयापासून दीर्घकाळ अभ्यास झाला. जेथे कर्मचारी अधिक शिकलेले, आणि विशेषतः प्रमुख प्रशिक्षित शिक्षक होती, तेथे केंद्राचा दर्जा उंचावलेला आणि मुलांची प्रगती अधिक दिसली. ताराबाईंनी अनुभवाने जाणलेले सत्य तेथे मोजमापाने सिद्ध झाले.

५० तास कोठून आणायचे?

यासाठी मोठ्या निधीची वा परवानगीची गरज नाही. एका गावातील किंवा उपनगरातील आठ-दहा बालवाड्यांनी एक गट करावा. महिन्यातून एकदा चार तास एकत्र बसावे. वर्षात ४८ तास होतात. उरलेले दोन तास वर्षाखेरीच्या आढाव्याला द्यावेत. प्रत्येक बैठक वेगळ्या बालवाडीत व्हावी, म्हणजे एकमेकींच्या खोल्या, साधने आणि अडचणी दिसतील. एका महिन्यात बालरोगतज्ज्ञ बोलावेत, दुसऱ्यात हिशेबतपासनीस, तिसऱ्यात वकील, चौथ्यात निवृत्त मुख्याध्यापिका. उरलेल्या महिन्यांत संचालिकांनी स्वतःच्या नोंदवह्या उघडाव्यात. शेजारची बालवाडी ही प्रतिस्पर्धी आहे, ही भावना सोडली तर प्रत्येकीला नऊ मार्गदर्शक लाभतील.

विश्वस्तांनी अंदाजपत्रकात संचालिकेच्या अध्ययनासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि त्या दिवशी तिची रजा मांडू नये. पालकांनी प्रवेश घेताना एक चौथा प्रश्न विचारावा. येथील ताई गेल्या वर्षात काय नवीन शिकल्या? हा प्रश्न दहा घरांतून आला, की उत्तर तयार करणे संस्थेला भागच पडेल.

आणि संचालिका भगिनींनी एक निश्चय करावा. येत्या जूनपूर्वी आपल्या ताईंपैकी एकीला निवडावे. तिला हिशेबाची वही दाखवावी, पालकसभा तिच्याकडून चालवून घ्यावी, गटाच्या बैठकीला तिलाही सोबत न्यावे. चुकली तर सावरावे, पण सूत्रे काढून घेऊ नयेत. स्वतः पंधरा दिवस रजेवर जावे आणि बालवाडी नीट चालली का, ते परत येऊन पाहावे. आपल्यावाचून चालले, याचे दुःख न होता समाधान वाटले, तर नेतृत्वाचा पहिला धडा पूर्ण झाला, असे खुशाल समजावे.